चाखलेली माती

कुरियरवाला बसवराज एरवी माल न्यायला यायचा. त्या शुक्रवारी तो माल द्यायला आला. एकेचाळीस खोकी. दालानात भिंतीला टेकवून त्याने ती एकावर एक रचली, तहसीनची सही घेतली आणि जाता जाता म्हणाला, "भाभी, एवढा माल तर चपलांच्या दुकानाचापण परत येत नाही." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. बिदर शहरात कुणाच्या घरातून काय जातं आणि काय परत येतं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि माहिती असलेला माणूस गप्प बसला तर त्याचं पोट दुखतं.

तहसीनकडे परतीची एक वही होती. पोर्टलवर ऑनलाइन दुकान सुरू केलं त्या वर्षापासूनची. डाव्या बाजूला गाव, उजवीकडे कारण. ही वही चाळली की माणूस या प्राण्याबद्दल जेवढं कळायचं, तेवढं तिला तिच्या गुलबर्ग्याच्या मास्तर बापानेही शिकवलं नव्हतं. भोपाळ: फोटोत मोठी दिसली होती. (फोटोशेजारी पट्टी ठेवली होती.) कोची: दोन फुलदाण्या हुबेहूब हव्या होत्या, एकीत एक पाकळी कमी आहे. सुरत: नवऱ्याला आवडली नाही. जयपूर: तेलाचा वास येतो. नागपूर: भेट द्यायची होती, लग्न मोडलं. या शेवटच्या बाईला तहसीनने स्वतःहून फोन करून पाच मिनिटं समजावलं होतं, आणि तिने फुलदाणी ठेवून घेतली होती.

पण गेल्या महिन्याभराच्या पानांवर कारणाच्या रकान्यात एकच ओळ होती, आणि दहाव्या खोक्यानंतर तिने ती लिहिणंही सोडलं होतं. नुसत्या खुणा केल्या होत्या. काळा रंग गेला. त्याच्या खाली खूण, खूण, खूण.

बिदरीचा काळा रंग जात नाही. बिदरीत मुळात रंगच नसतो. जस्ताचं भांडं, त्यात कोरून ठोकलेली चांदी, आणि मग किल्ल्यातली माती नवसागरात उकळून त्यात ते भांडं बुडवायचं. चांदी तशीच राहते आणि जस्त रात्रीसारखं काळं होतं, ते नातवंडांच्या हयातीपर्यंत. आता खोक्यांमधून जे निघालं ते राखाडी होतं. विझलेल्या शेगडीसारखं, डागाडागांचं. इंदूरच्या एका गिऱ्हाइकाने फोटो टाकून खाली लिहिलं होतं, "रंग फासलाय. फसवणूक." ते बाराशे लोकांनी वाचलं. खोटा माल अशी तक्रार आली की पोर्टल तीन महिन्यांनीसुद्धा परत घेतं. सकाळी त्यांचा संदेश आला: दुकान थांबवलं आहे, संध्याकाळी सहाच्या आत दोषाचं कारण कळवा, नाहीतर दुकानाचं नाव कायमचं काढण्यात येईल.

सहापर्यंत. म्हणून थोरल्या दिरांनी, मोईजभाईंनी, नमाजेनंतर सगळ्यांना दालानात बसायला सांगितलं होतं. आधी जेवण झालं. बगारा भात आणि मटण घातलेल्या डाळीचा दालचा. थोरली जाऊ इशरत रागात होती की घाईत, कोण जाणे, दालच्यात मीठ दोनदा पडलं होतं. खैरुन फुप्पूंनी, म्हणजे तहसीनच्या सासऱ्यांच्या, अब्बांच्या, विधवा बहिणीने, पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. "इशरत, समुद्र आटवलास का ग?" तहसीनच्या नवऱ्याने, साबिरने, पाणी पिऊन पिऊन जेवण संपवलं. मोईजभाईंनी बायकोची बाजू घ्यायची म्हणून खाल्लं. एकटे अब्बा मुकाट जेवले आणि दालचा पुन्हा मागून घेतला.

थंडीत अकरा दिवस तापाने पडून उठल्यापासून अब्बा असेच झाले होते. पूर्वी मिठाचा एक खडा इकडेतिकडे झाला तर ताट सरकवणारा माणूस. घरातल्या बायका म्हणायच्या, तापाने स्वभाव उतरवला. हा बदल इतका सोयीचा होता, की त्याचं कारण शोधायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

"बोला," मोईजभाई म्हणाले. "की मी बोलू?"

"तुम्हीच बोलणार आहात, भाईजान," साबिर म्हणाला. "आम्ही बसलोय ऐकायला."

साबिर नक्षी कोरायचा. बोटं सुरेख चालायची, तोंड नको तेव्हा. मोईजभाई ओतकाम आणि शेवटचं उकळणं बघायचे. आणि माती आणायचे ते फक्त अब्बा, उस्ताद अब्दुल मुगनी. माती त्यांच्या जिभेची. तटाखालच्या ज्या कमानीत शेकडो वर्षं ऊन-पाऊस शिरला नाही, तिथली चिमूट जिभेवर ठेवून ते सांगायचे, ही की ही नाही. त्यांच्याआधी त्यांचे वालिद सांगायचे, त्यांच्याआधी त्यांचे.

"हैदराबादचा शेट माल घ्यायचा तेव्हा," मोईजभाईंनी सुरुवात केली, "वर्षाला दोनशे नग जायचे. एक नग परत आला नाही. कधीच."

"पैसेपण नाही आले, कधीच," साबिर म्हणाला.

"मध्ये बोलू नकोस. आता महिन्याला दोनशे. तीन दिवसांत रवाना, पाच दिवसांत पोच. बिदरी म्हणजे काय समोसे आहेत, तळले की द्यायचे?"

"तीन दिवसांचा नियम पोर्टलचा आहे, भाईजान," तहसीन म्हणाली. "उशीर झाला की ते आपल्याला यादीत खाली ढकलतात. चाळिसाव्या पानावर. तिथपर्यंत कुणी जात नाही."

"बघा. नियम त्यांचा, माल आपला, नाव अब्बांचं, आणि शिव्या कुणाला?"

"प्लॅस्टिक," इशरत म्हणाली. ती बराच वेळ हा शब्द तोंडात धरून बसली होती. "मी आधीच म्हटलं होतं. त्या फुगेवाल्या प्लॅस्टिकात गुंडाळून ठेवते ही. आत घाम येतो भांड्याला. आमच्या सासूबाई कापसात ठेवायच्या."

"कापसात ठेवून कोचीला पाठवा, भाभी, तुकडे गोळा करायला मी जातो," साबिर म्हणाला.

"पोरगी मेहनत करते हो," फुप्पू मध्ये पडल्या. "रात्रंदिवस त्या फोनवर. कुणी विचारतं किंमत कमी करा, कुणी विचारतं याच्यात दूध तापवलं तर चालेल का. मी ऐकते ना शेजारी बसून. मी असते तर केव्हाच शिव्या दिल्या असत्या. ही आपली जी हां, जी हां."

फुप्पू तिच्या बाजूने होत्या, आणि का होत्या ते तहसीनला नेमकं ठाऊक होतं. फुप्पूंच्या फोनचं रिचार्ज ती करायची, आणि सौदीतल्या मुलाशी रविवारी बोलणं तिच्याच फोनवरून व्हायचं, कारण त्यात चेहरा स्वच्छ दिसायचा. हा पाठिंबा किती टिकेल याचाही तिचा अंदाज होता. अंदाज थोडा जास्तच निघाला.

"फुप्पू," मोईजभाई अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुमच्या खोलीचं छत या महिन्यात बघायचं ठरलंय आपलं. दुकान बुडालं तर कशातून बघणार?"

फुप्पूंनी ओढणी सारखी केली. "मी काय म्हणते, मेहनत करते हे खरं. पण वडीलधाऱ्यांना विचारून करावं माणसाने. घाई फार आहे या पोरीला."

अब्बा तक्क्याला टेकून बसले होते. समोर परत आलेली एक सुरई होती. तिच्या पोटावर साबिरने रात्री जागून कोरलेली वेल, आणि वेलीच्या मागे राखाडी धुकं. त्यांनी ती हातात घेतली नाही. नुसती बघत राहिले.

"सहा वाजता काय लिहायचं ते ठरवा," तहसीन म्हणाली. "आत्ता सव्वातीन झालेत. त्यांना एक कारण हवंय. खरं असलं तर बरं."

"कारण काय, घाई," मोईजभाई म्हणाले.

"घाईने रंग राखाडी होत नाही, भाईजान. तुम्हीच उकळता. तुमच्या हातून जाताना काळं होतं का नव्हतं?"

"होतं. तेल लावून, पुसून दिलंय. आरशासारखं."

"म्हणजे तेल होतं तोपर्यंत काळं," साबिर म्हणाला. "तेल सुकलं की राखाडी. मग उकळण्यात..." तो थांबला, पण थांबायला उशीर झाला होता. "मातीच कमजोर असली तर?"

या घरात वाटण्यांवरून भांडणं झाली होती, भिंत घालायची भाषा झाली होती, मोठ्या चाचांनी वेगळी चूल मांडली होती. पण मातीबद्दल कुणी शंका काढली नव्हती. फुप्पूंनी हळूच "तौबा" म्हटलं.

"पुन्हा बोल," मोईजभाई म्हणाले.

"मी असं नाही म्हणत की..."

"अब्बांच्या जिभेवर बोलतोस तू? बायकोची चूक झाकायला?" मोईजभाई उभे राहिले. संतापात मतलब नव्हता, हे तहसीनला मान्य करावं लागलं. हा माणूस छतावरून सौदा करायचा, वाट्यात लबाडी करायचा, पण बापावर त्याचा विश्वास निखळ होता. "आत्ताच्या आत्ता होऊन जाऊ दे. गेल्या वर्षीची माती बरणीत थोडी आहे. पोत्यातली यंदाची. दोन्ही अब्बांसमोर ठेवतो. अब्बा चाखतील आणि सांगतील. दोन्ही सारख्या निघाल्या, की मग दुल्हन," ते तहसीनकडे वळून म्हणाले, "दोष कुणाचा ते तू लिही."

ते कोठीकडे गेले. बरण्यांचा आवाज यायला लागला.

तहसीनने फोन उचलला. पोर्टलला काहीतरी पुरावा जोडावा लागणार होता, आणि तिच्याकडे पुरावा म्हणून एकच हुकमाची गोष्ट होती. तीन वर्षांपूर्वी तिने किल्ल्यात अब्बांचा एक व्हिडिओ काढला होता. त्या व्हिडिओवरच दुकान उभं होतं. लाखो लोकांनी तो बघितला होता. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न एकच असायचा, अस्सल आहे ना? आणि तिचं उत्तर फोनमध्ये तयार असायचं: हो, अस्सल. माती किल्ल्यातली, आणि आमचे उस्ताद ती स्वतः जिभेवर चाखून घेतात. हे उत्तर तिने किती वेळा पाठवलं असेल. हजारदा तरी.

तिने तो जुना व्हिडिओ आवाज बंद करून लावला. अब्बा कमानीखाली वाकलेत. चिमूट जिभेवर. डोळे मिटले. थुंकले. चार पावलं पुढे, दुसरी चिमूट. थुंकले. तिसरी. तोंड असं वाकडं केलं, की खाली शेकडो लोकांनी हसून लिहिलं होतं. चौथ्या चिमटीला ते थांबले. बराच वेळ. मग मान हलली.

यंदाचा व्हिडिओ त्याच्या शेजारीच होता. तापातून उठल्यावर महिन्याने काढलेला. नवी गिऱ्हाइकं नवा व्हिडिओ मागतात म्हणून तिनेच हट्ट धरला होता. अब्बा वाकले. चिमूट जिभेवर. डोळे मिटले. मान हलली. पोतं भरायला घेतलं.

एकोणीस सेकंद. पहिल्याच चिमटीला. त्या दिवशी ती खूश झाली होती, कारण लांब व्हिडिओ लोक अर्ध्यावर सोडतात.

तिने तो पुन्हा लावला. मग तिला दालचा आठवला. मग चार महिन्यांतलं एक एक ताट आठवायला लागलं: करपलेलं कालवण, साखर विसरलेला चहा, ईदच्या शीरखुर्म्यात पडलेलं नासकं दूध, ज्याची वाटी सगळ्यांनी खाली ठेवली आणि अब्बांनी संपवली. स्वभाव उतरला नव्हता. चव गेली होती. ताप चव घेऊन गेला होता, आणि हा माणूस चार महिने, रोज दोन वेळा, समोर बसून ती असल्यासारखा जेवत होता.

तिने मान वर केली. अब्बा तिच्याकडेच बघत होते. तिच्या चेहऱ्याकडे नाही, हातातल्या फोनकडे. मग चेहऱ्याकडे.

त्या नजरेत विनवणी असती तर तिला सोपं गेलं असतं. विनवणी नव्हती. पकडला गेलेला माणूस बघतो तसे ते बघत होते, थोडेसे रागानेच.

मोईजभाई दोन वाट्या घेऊन आले. "बरणीत तळाशी एवढीच होती," म्हणत त्यांनी त्या अब्बांपुढे ठेवल्या. दोन्हींत सारखीच भुरकट माती. डावीकडची कुठली आणि उजवीकडची कुठली, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही. "अब्बा, बिस्मिल्ला करा. सांगा यांना."

अब्बांनी हात पुढे केला. बोट डाव्या वाटीवर आलं आणि तिथेच राहिलं.

तहसीनकडे वेळ थोडा होता, पण हिशोब सरळ होता. आत्ता अब्बांनी चाखलं आणि चुकले, तर ती सुटत होती. मोईजभाई गप्प, इशरत गप्प, फुप्पू परत तिच्या बाजूला. आणि सहा वाजता पोर्टलला काय लिहायचं? की आमचे उस्ताद, ज्यांच्या जिभेवर तुम्ही भरवसा ठेवलात, त्यांना चार महिने मीठ आणि साखर यातला फरक कळत नाही? त्यानंतर दुकान म्हणून उरणार काय होतं? आणि या घरात अब्बा म्हणून उरणार काय होतं?

अब्बांचं बोट मातीकडे झुकलं.

"चिंच लावली मी," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"फोटो काढताना चांदी मळकट दिसायची. म्हणून पाठवायच्या आधी चिंचेच्या पाण्याने पुसायचे. सगळे नग. आमच्या घरी चांदीची भांडी अशीच घासतात."

फुप्पूंनी कपाळावर हात मारला. "चिंच! बिदरीला चिंच! अग हौले, अग वेडे, चिंचेने तर तांब्याचा हंडा सोलून निघतो!"

"मी म्हटलं नव्हतं?" इशरत म्हणाली. म्हटलं होतं ते प्लॅस्टिकबद्दल, पण त्या घडीला कुणी ते काढलं नाही.

मोईजभाई तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता. आली ती सुटका. पोत्यातली माती यंदा तीन तीनदा उकळावी लागत होती, नवसागर दुप्पट लागत होता, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. नवसागराच्या पुड्या मात्र बाजारातून तहसीनच आणायची.

"का बोलली नाहीस इतके दिवस?"

"भीती वाटली."

हे तरी खोटं नव्हतं.

साबिर तिच्याकडे तोंड उघडं टाकून बघत होता. प्रत्येक नग तो आणि ती मिळून बांधायचे. खोक्यांच्या आसपास चिंच कधी फिरकली नव्हती. तिने त्याच्याकडे एकदाच पाहिलं, आणि लग्नानंतर नऊ वर्षांत पहिल्यांदाच तो वेळेवर गप्प बसला.

अब्बांनी हात मागे घेतला. वाटीला स्पर्श न करता. तहसीन वाट बघत होती. काय म्हणतील याची. काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. नुसतं "जाऊ दे" म्हटलं असतं तरी.

"परक्या घरची मुलगी," अब्बा म्हणाले. "तिला बिदरीतलं काय कळणार? चूक तुमची. तुम्ही तिच्या हातात दिलंत." मग ते तक्क्यावरून उठले. "आणि कुणी विचारलं तर सांगा, माती बरोबर होती."

दरवाज्यापाशी त्यांना चप्पल सापडेना. मोईजभाईंनी धावत जाऊन ती पायांशी ठेवली.

पुढचं सगळं पंधरा मिनिटांत उरकलं. तहसीनने स्वतः लिहिलं: दोष दुकानदाराचा, साफ करताना काळा थर खराब झाला, कारागिराचा यात संबंध नाही. पोर्टलचं उत्तर लगेच आलं, कारण ते माणूस लिहीत नाही. प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले होते. एकेचाळीस जणांचे पैसे परत, दुकान साठ दिवस बंद, आणि त्यानंतर दुकान दुसऱ्या जबाबदार व्यक्तीच्या नावाने चालू करता येईल.

"माझ्या," मोईजभाई म्हणाले, आणि हात पुढे केला. तिने फोन दिला. दुकानाचा फोन वेगळा होता, तिच्या पहिल्या शंभर विक्रींतून घेतलेला. मागच्या बाजूला तिच्या मुलीने चांदणी चिकटवली होती. मोईजभाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला. "साठ दिवसांत तयारी करतो. बाटलीतलं काळं मिळतं आता. ब्रशने लावलं की झालं. ना माती, ना उकळणं. एक साचा, शंभर नग, हुबेहूब. तुमच्या कोचीच्या बाईची पाकळीपण कमी पडणार नाही."

"ती बिदरी नाही, भाईजान," साबिर म्हणाला.

"गिऱ्हाईक काही चाखून बघत नाही."

"अब्बा मानणार नाहीत."

"अब्बांना कशाला सांगायचं? ते किल्ल्यात जातील, माती आणतील. आणू देत. व्हिडिओला लागेलच." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "त्यांचं वय बघ, साबिर. किती दिवस ओझी वाहायला लावणार आहेस त्यांना?"

यातला शेवटचा भाग ते खरंच प्रेमाने बोलले. तहसीनला तेच सगळ्यांत जड गेलं.

इशरतने दालान आवरायला घेतलं. चहाच्या कपांबरोबर मातीच्या वाट्याही उचलल्या, पोत्याचं तोंड उघडलं, एक वाटी ओतली, दुसरी ओतली, आणि बरणी उलटी करून बुडाला दोन थापट्या मारल्या. "बरणी लोणच्याला होईल," ती म्हणाली. तहसीन दारात उभी होती. तिला ओरडायला हवं होतं. पण आज तिचं बोलून संपलं होतं, आणि इशरतच्या हातून ते व्हायला जेवढा वेळ लागला, त्यात कुणाचंच ओरडणं पुरलं नसतं.

साबिर स्वयंपाकघरात आला. "चिंच कुठून काढलीस?"

"बरणीतून."

"तहसीन."

"दालचा कसा झाला होता आज?"

"खारट. तोंडात घालवत नव्हता. का?"

"अब्बांनी दोनदा घेतला."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो ओट्याला टेकला. मग कामाच्या खोलीत गेला, आणि थोड्या वेळाने तिकडून छिन्नीची ठकठक ऐकू यायला लागली. कुठल्या नगावर काम करत होता कोण जाणे. दुकान तर बंद होतं.

उन्हं कलल्यावर, असरच्या नमाजेनंतर, अब्बा परत आले. त्यांची पावलं दालानात थांबतील असं तिला वाटलं. थांबली नाहीत. या घरात ती आल्यापासून अब्बांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडलेला तिने पाहिला नव्हता. त्यांनी तो ओलांडला, मागे वळून एकदा दालानाकडे बघितलं, आणि मूठ पुढे केली.

"हात कर."

तिने तळवा पुढे केला. त्यांनी मूठ उघडली. चिमूटभर माती.

"पोत्यातली आहे. जिभेवर ठेव."

तिने ठेवली. दात कचकचले. आधी धूळ लागली, मग खारट, मग जिभेच्या कडांना काहीतरी गार, बोचरं.

"कशी आहे?"

"खारट."

"खारट कशी?"

"कशी असायला हवी, अब्बा?"

त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. या माणसाने गावोगावच्या पाहुण्यांपुढे, साहेबांपुढे, तिच्या फोनपुढे मातीवर तासतास भाषण केलं होतं, ते तिने ऐकलं होतं. त्यात इतिहास होता, सुलतान होते, पूर्वज होते. चव नव्हती. तिच्या आत्ता लक्षात आलं, एकदाही नव्हती.

"मी आठ वर्षांचा होतो," ते म्हणाले. "माझ्या वालिदांनी बोटावर माती घेऊन माझ्या जिभेवर ठेवली. म्हणाले, ही. मग दुसरी ठेवली. म्हणाले, ही नाही. बस. शब्द कुणी दिलेच नाहीत मला." त्यांनी तिच्या तळव्याकडे बघितलं. "मलाही तुला तसंच द्यावं लागेल. पण मी आता 'ही' म्हणणार कुठल्या मातीला?"

"बरणीतली होती, अब्बा. गेल्या वर्षीची."

"आण."

ती पोत्यात ओतली गेल्याचं तिने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीला हात टेकला.

"ठिकठिकाणची आणून उकळून बघू," ती म्हणाली. "एकेक तुकडा काळा करून..."

"उकळल्यावर सगळंच काळं दिसतं, बेटी. खोटं कळायला दोन महिने लागतात." तोपर्यंत साठ दिवस होतात, हे दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही.

ते तिला बेटी म्हणाले होते. नऊ वर्षं ती दुल्हन होती. आज दुपारी परक्या घरची होती. हे कुठल्या रकान्यात लिहावं, तिला कळेना.

"दुल्हन!" दालानातून मोईजभाईंची हाक आली. "या फोनवर कुणी पुण्याचं गिऱ्हाईक विचारतंय, अस्सल आहे ना म्हणून. काय लिहितेस तू अशा वेळी?"

तिच्या जिभेवर माती होती. उत्तर पाठ होतं, पण तोंड उघडता येत नव्हतं.

अब्बांनी मान वळवली आणि पूर्वीच्या, ताट सरकवायच्या दिवसांतल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "लिही, हो. उस्ताद स्वतः चाखतात."

बाहेर फोनच्या कळांचा टकटक आवाज सुरू झाला. तहसीन मोरीकडे वळली, तसा अब्बांनी तिचा दंड धरला.

"थुंकू नकोस," ते अगदी हळू म्हणाले. "अजून थोडा वेळ ठेव."